पाटीवरच्या पेन्सिलीचे डोहाळे

माझ्या नवऱ्यानं मला सर्वांत प्रेमानं आणून दिलेली वस्तू म्हणजे पाटीवरच्या पेन्सिलींचा एक डबा. मला पाचवा महिना होता. आता पाटी कुणी वापरत नाही, त्यामुळं औरादमधली चार दुकानं फिरून, शेवटी एका जुन्या स्टेशनरीवाल्याला माळ्यावर चढायला लावून त्यांनी तो मिळवला. करड्या रंगाच्या, कागदाची पट्टी गुंडाळलेल्या पेन्सिली. मी त्या कुडकुड चावून खायची. आधी दिवसाला दोन, मग पाच, मग मोजणं सोडून दिलं.

घरात सगळे हसायचे. माझ्या सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या शेजारणीला सांगत होत्या, "मास्तरणीला डोहाळे बी मास्तरणीचेच लागलेत बघ." शेजारीण म्हणाली, खाऊ द्या, बाळाची हाडं घट्ट होतील. मीही हसले.

ते डोहाळे नव्हते. अंगातलं रक्त फार कमी झालं की काही बायकांना माती, खडू, कच्चे तांदूळ, पेन्सिल असलं काहीतरी खावंसं वाटतं. ते आजाराचं लक्षण आहे. माझा आजार दोन महिने घरभर ओरडून स्वतःचं नाव सांगत होता आणि आम्ही त्याचं कौतुक करत होतो, त्याला डबा भरून खाऊ आणून देत होतो.

मी विज्ञानाची शिक्षिका आहे. म्हणून हे लिहिताना मला राग येतो, आणि तो लपवून गोड शब्दांत सल्ले द्यायची माझी इच्छा नाही. ज्या बाईच्या हातात आज पेन्सिल नाहीतर भाजलेली माती आहे तिनं हे वाचावं. तिला वाचता येत नसेल तर घरातल्या कुणीतरी तिला वाचून दाखवावं.

ताटात काय होतं

माझं माहेर कर्नाटकातलं, बीदरकडचं ठाणाकुशनूर. वडील दुसऱ्यांच्या शेतात राबले आणि मला बी.एस्सी., बी.एड. केलं. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. वडिलांचे आणि मला बीदरच्या वसतिगृहापर्यंत नेऊन सोडणाऱ्या आमच्या गुरुजींचे उपकार मी विसरणार नाही. सासर चिंताकीला. पती मिलिंद यांचं औरादला विहिरीच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. आत्या मनानं वाईट नाहीत, हे आधीच सांगते. पुढं त्यांच्याबद्दल मी जे लिहिणार आहे ते वाचून कुणी सासू-सुनेची गोष्ट समजू नये.

दिवस गेल्याचं कळलं त्या आठवड्यापासून माझ्या ताटातून एकेक पदार्थ निघून गेला. अंडं उष्ण. पपई तर नावही काढायचं नाही. तीळ उष्ण, गूळ उष्ण, शेवग्याच्या शेंगा उष्ण, मटण उष्ण. अंबाडीची भाजी आंबट, तिनं बाळाला खोकला होतो. हरभऱ्यानं पोटात वारा धरतो. वांगं का बंद झालं ते मला आजही माहीत नाही. उरला पांढरा भात, त्यावर पातळ वरण, एखादी भाकरी, आणि चहा. चहाला मात्र कुणाचीच हरकत नव्हती. दिवसातून चार वेळा, जेवणाच्या आधी, जेवणानंतर, थकवा आला की कपभर. आत्यांचं प्रेम चहातूनच बाहेर येतं.

आणि जे होतं तेही अर्धंच. मी दुसरी भाकरी मागितली की आत्या टोपली सरकवून ठेवायच्या. "बाळ मोठं झालं तर निघंल कसं? कमी खा. पोट बारीक राहू दे."

मी एकदाच विरोध केला. पुस्तकात असं लिहिलेलं नाही, म्हटलं. आत्या शांतपणे म्हणाल्या, "पुस्तक बाळंत व्हतंय का?" सगळे हसले, मीही हसले, आणि अर्ध्या भाकरीवर उठले.

या काळात मिलिंद यांच्या फोनवर रोज काहीतरी यायचं. लाल वस्तूंनी लाल रक्त वाढतं, म्हणून बीट आणि डाळिंब. सात दिवसांत रक्त दुप्पट, म्हणून कुठलंतरी सरबत. केशर घातलेलं दूध प्यायलं की गोरं बाळ. यातलं केशर तेवढं आमच्या घरात आलं, कारण गोऱ्या बाळाची हौस सगळ्यांना होती. बाळ जिवंत, धडधाकट यावं म्हणून काय खायचं, हे त्या फोनवर कुणी पाठवलं नाही. पाठवलं असेल तर आम्ही ते उघडलं नाही.

सोमवारची गोळी

हा भाग लिहायला मला सगळ्यात जड जातो.

आमच्या शाळेत दर सोमवारी मुलींना लोहाची गोळी देतात. ती वाटायचं काम माझ्याकडं. मी वर्गात उभी राहून एकेकीला पाणी प्यायला लावायची, तोंड उघडून दाखवायला सांगायची, कारण पोरी गोळी गालात धरतात आणि खिडकीबाहेर थुंकतात. मी त्यांच्यावर ओरडायची. रक्त कशानं बनतं, लोह कशात असतं, हे फळ्यावर लिहून द्यायची. सातवीच्या पोरींना ते तोंडपाठ होतं.

आणि माझ्या स्वतःच्या गोळ्या घरी, फडताळातल्या स्टीलच्या डब्यात होत्या. तिसऱ्या महिन्यात उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी रक्त तपासलं तेव्हाच त्या म्हणाल्या होत्या, हिमोग्लोबिन नऊ आहे, कमी आहे, रोज एक घ्यायची. आत्यांनी गोळ्या हातात घेऊन बघितल्या. गोळी घेतल्यावर शौचाला काळं होतं हे त्यांना माहीत होतं, आणि जे बाईचं पोट काळं करतं ते पोटातल्या बाळालाही काळं करणार, असा त्यांचा सरळ हिशोब होता. शिवाय गोळीनं बाळ मोठं होतं. दोन्ही बाजूंनी गोळी वाईट.

मला त्यातलं विज्ञान माहीत होतं. शौच काळं होतं ते न शोषलेल्या लोहामुळं, त्याचा बाळाच्या रंगाशी काडीचाही संबंध नाही. मी हे चाळीस पोरींना सांगितलं असतं. आत्यांना सांगितलं नाही. तीन गोळ्या घेतल्या, मळमळलं, आणि डबा बंद केला. खरं सांगायचं तर माझ्याही मनात कुठंतरी ते काळं बाळ होतं. रंगावरून मी स्वतः शाळेत ऐकलेलं होतं. पदवीनं ते पुसलं गेलं नव्हतं.

तो दिवस

सातवा महिना लागला होता. आठवीच्या वर्गात फळ्यावर आकृती काढत होते. हात वर धरवेना. कानात मोटार चालल्यासारखी घरघर सुरू झाली, खडू सुटला, आणि पुढचं आठवतं ते म्हणजे फरशीचा गारवा आणि मुख्याध्यापिका बाईंचा आवाज, गाडी बोलवा.

औरादच्या डॉक्टरांनी माझी खालची पापणी ओढून बघितली आणि बोट तसंच धरून ठेवलं. तळहात बघितला, नखं बघितली. तपासणीचा कागद आला तेव्हा त्यांनी तो आधी मिलिंद यांना दाखवला, मला नाही. मी हिसकावून घेतला. पाच पॉइंट चार. किमान अकरा असायला हवं हे मला माहीत होतं. मीच शिकवते.

मी विचारलं, बाळाचं काय? ते म्हणाले, आत्ताच्या आत्ता बीदरला जा.

गाडीत आत्या माझ्या शेजारी होत्या. त्यांनी वाटेत खायला म्हणून पिशवीत काय घेतलं होतं? पेन्सिलींचा डबा. माझ्या हातात देत म्हणाल्या, घे, तुला बरं वाटतंय ना यानं. मी खिडकीबाहेर बघत राहिले. पोटातली हालचाल सकाळपासून मंद झाली होती, आणि हे मी अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

शिकल्यावर

बीदरच्या मोठ्या दवाखान्यात मला तपासलं ते कलबुर्गीच्या एका डॉक्टरबाईंनी. त्यांना मराठी समजायची, बोलायच्या मात्र दखनी उर्दू. बाळाचे ठोके ऐकवले आधी. मग पेन्सिलीचा डबा आत्यांच्या मांडीवर दिसला तसा त्यांनी उचलला, उघडला, वास घेतला.

"टीचर है बोलते तुम," त्या म्हणाल्या. "और पेन्सिल खाते?"

त्यांनी खुर्ची ओढली आणि विचारायला सुरुवात केली. लहानपणी घरी काय खायचे? मी सांगितलं. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, हुलग्याचं माडगं, रानातली पाथरी, अंबाडी, करडईची कोवळी भाजी. बाजाराच्या दिवशी सुकट. कधी काळीज, वजडी, मुंडीचं कालवण. आमच्या वस्तीवर हेच शिजायचं, आणि माझी माय ते असं शिजवायची की नुसत्या वासावरून गल्ली ओळखायची.

"फिर बंद कब किये?"

मग खरं तेच तोंडातून आलं. "शिकल्यावर."

खरंच तसंच घडलं होतं. वसतिगृहात मायनं दिलेला डबा उघडला तेव्हा शेजारच्या पलंगावरच्या मुलीनं नाकाला ओढणी लावली आणि खिडकी उघडली. ती काही बोलली नाही. बोलली असती तर मी भांडले असते. मी डबा बंद केला तो कायमचा. मग नोकरी लागली. शिक्षकांच्या खोलीत भाकरी काढायची लाज वाटायला लागली, म्हणून पांढरा भात. भाजी म्हणजे बटाटा. सुशिक्षित बाईचं ताट असं मऊ आणि पांढरं असतं, असं मी कुठं वाचलं होतं? कुठंच नाही. ते मी माणसांच्या चेहऱ्यांवरून शिकले. दिवस जायच्या आधीच माझं अंग रिकामं होत आलेलं होतं. आत्यांनी फक्त उरलेलं काढून घेतलं.

मला राग येतो त्या ओढणीचा. त्याहून जास्त राग येतो तो माझ्या पाठांतराचा. 'पौष्टिक आहार' या धड्याखाली मी सफरचंदाचं चित्र काढून घेत होते, आणि ज्या पोरी ते काढत होत्या त्यांच्या घरी हुलगे शिजत होते. सफरचंद त्यांनी महिन्यातून एकदा तरी खाल्लं असेल का? हुलग्याचं चित्र मी कधी काढून घेतलं नाही.

दुसऱ्या कुणाचं रक्त

रक्त चढवायचं ठरलं. पहिली पिशवी रक्तपेढीतून आली, कुणाची ते मला कधीच कळणार नाही. बदल्यात घरच्यांनी कुणीतरी रक्त द्यावं, असं सांगितलं. मिलिंद तयार झाले तर आत्या आडव्या आल्या. रक्त दिलं की गडी कायमचा अशक्त होतो, मोटारी कशा उचलायच्या? मिलिंद आईला एवढंच म्हणाले, "तिच्या अंगात न्हाई म्हणून आपण इथं आलोत. माझ्यात हाय." अर्ध्या तासात ते बिस्किटं खात परत आले आणि दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन मोटार उचलली. आत्यांनी फोन करून तीनदा खात्री केली.

माझी नर्स कन्नड बोलणारी होती, वयानं माझ्याहून लहान. सुई टोचताना मी हात मागं घेतला तर म्हणाली, "हेदरब्याड अक्का." घाबरू नको. एवढे दोनच शब्द. पण त्या आठ दिवसांत ती दर वेळी जाता-येता माझ्या पायाला हात लावून जायची, पाय गार आहेत का बघायला. कुणीतरी न सांगता आपल्याला बघतंय, याचा केवढा आधार वाटतो ते आजारी पडल्याशिवाय कळत नाही.

सकाळी सहाला झाडू, सातला रक्तदाब, आठला डॉक्टरांची फेरी. फेरीच्या वेळी सगळे नातेवाईक बाहेर काढायचे आणि सगळ्या सासवा दाराच्या काचेला नाक लावून उभ्या राहायच्या. त्या काचेकडं बघून आम्ही खाटेवरच्या बायका हसायचो.

माझ्या शेजारच्या खाटेवर भालकीकडची रुक्मिण होती. शेतकरी घर, अंडंसुद्धा न खाणारं. तिची माझी जात वेगळी, ताट वेगळं, पण नियम तेच: उष्ण नको, कमी खा, गोळी नको. मी पेन्सिल खात होते, ती चुलीत भाजलेली माती. तिची माती तिच्या नणंदा कौतुकानं पुरवायच्या. आम्ही एकमेकींना हे सांगितलं आणि पोट धरून हसलो. तिचा आठवा महिना होता.

तिसऱ्या दिवशी तिला आत नेलं. ती परत आली, बाळ आलं नाही. तिची सासू खाटेशी बसून पुन्हापुन्हा म्हणत होती, नशिबात नव्हतं, नशिबात नव्हतं. रुक्मिण भिंतीकडं तोंड करून पडली होती. मला उठून त्या बाईला सांगायचं होतं की नशिबाला मधे ओढू नका, त्याच्याआधी ताटाचं बोला. माझ्या हाताला रक्ताची नळी होती. मी उठले नाही. नळी नसती तरी उठले असते का, हे मला माहीत नाही, आणि हा प्रश्न मी अजून स्वतःला विचारते.

आत्यांची बहीण

त्या दुपारी आत्या माझ्या खाटेच्या कडेला बसून होत्या. रुक्मिणच्या खाटेवरची चादर बदलली जात होती. मी इतके दिवस धरून ठेवलेलं सगळं बोलले. तुम्ही टोपली सरकवून ठेवली. तुम्ही गोळ्यांचा डबा बंद करायला लावला. माझं बाळ गेलं तर मी तुमच्या घरात पाय ठेवणार नाही.

आत्या रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी मला त्यांच्या थोरल्या बहिणीचं सांगितलं, जिचं नाव मी त्या घरात कधी ऐकलंच नव्हतं. आत्या तेव्हा दहा-बारा वर्षांच्या. बहिणीला कळा सुरू झाल्या, बाळ मोठं, आडलेलं. गावात डॉक्टर नाही, बस नाही. बैलगाडीत घालून औरादला निघाले आणि वाटेतच ती गेली, आत्यांच्या मांडीवर डोकं ठेवून. पोटातलं पोटातच. त्यानंतर त्यांच्या आईनं घरातल्या प्रत्येक गरोदर पोरीची भाकरी अर्धी केली. आत्यांचीही.

"मी तुला उपाशी न्हाई ठिवलं," आत्या म्हणाल्या. "मी तुला त्या गाडीतून वाचवायलते."

माझा राग त्या वाक्यानं संपला नाही. मला तसं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. पण तो जागेवरून हलला. तो त्यांच्यावरून उठला आणि ज्यांना सगळं माहीत होतं त्यांच्यावर जाऊन बसला. गाडीला रस्ता झाला, रुग्णवाहिका फोनवर येते, दवाखान्यात ऑपरेशन होतं. ज्या भीतीनं तो नियम केला ती भीती जुनी झाली. नियम मात्र कुणी मोडला नाही, कारण मोडायचं काम ज्यांचं होतं ते पाढा म्हणून निघून गेले. एका खासगी डॉक्टरांनी मला सहाव्या महिन्यात 'काजू-बदाम, डाळिंब खा' एवढं सांगून पुढच्या पेशंटला हाक मारली होती. गोळ्या घेता का, हे त्यांनी विचारलं नाही. आत्या तिथंच शेजारी बसल्या होत्या. त्यांना कुणी काही विचारलंच नाही. आणि विज्ञानाची बाई त्यांच्याच घरात राहत होती.

नियम मोडायचं ते काम डॉक्टरबाईंनी दुसऱ्या दिवशी केलं. फेरी झाल्यावर त्यांनी दाराच्या काचेमागच्या आत्यांना आत बोलावलं आणि अर्धा तास फक्त त्यांच्याशी बोलल्या. कमी खाऊन बाळंतपण सोपं होत नाही. आईच्या अंगात ताकद उरत नाही, आणि ज्या बाईत आधीच रक्त कमी तिला थोडा रक्तस्रावही झेपत नाही. बाळ आडलं तर दवाखाना आहे. रक्त नसलं तर दवाखानाही हात टेकतो. आत्यांनी सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला, चहाचं काय? डॉक्टरबाई म्हणाल्या, चहा जेवणातलं आणि गोळीतलं लोह अंगाला लागू देत नाही. जेवणाआधी आणि नंतर तास-दीड तास चहा नको, गोळीबरोबर तर अजिबात नको. आत्यांना गोळीपेक्षा हा धक्का मोठा होता.

एक किलो नऊशे

मुलगी साडेआठव्या महिन्यात झाली. एक किलो नऊशे ग्रॅम. तिला माझ्याकडं न देता आधी काचेच्या पेटीत ठेवलं. अकरा दिवस. चौथ्या दिवसापासून मला रोज काही तास तिला उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून धरून बसायला सांगितलं. तिचं पाऊल माझ्या अंगठ्याएवढं होतं. मी तिच्याकडं बघून माफी मागायची, आणि माफी मागून झाली की मला राग यायचा. ही इतकी लहान निसर्गानं केली नव्हती. आम्ही तिला लहान ठेवलं होतं. ठरवून, प्रेमानं, अर्धी भाकरी करून.

ती वाचली. आज ती दोन वर्षांची आहे, सावळी आहे, आणि भाकरीचा पापुद्रा काढून आधी तोच खाते.

आता आमच्या घरी

मी डॉक्टर नाही. तुमचं रक्त किती आहे हे तपासल्याशिवाय कुणालाही कळत नाही, म्हणून आधी तपासणी करा आणि डॉक्टर सांगतील तसं वागा. पाच पॉइंट चार असलेली बाई नुसत्या भाजीनं बरी होत नाही, बीटानं तर नाहीच. बीट लाल आहे म्हणून रक्त होत असतं तर कुंकवानंही झालं असतं. मला रक्त चढवलं, शिरेतून लोह दिलं, आणि गोळ्या मी बाळंतपणानंतरही कित्येक महिने घेतल्या. मळमळ होते. डॉक्टरांना सांगितलं तर वेळ बदलून देतात. डबा बंद करू नका.

ताटाचं म्हणाल तर मी माझ्या मायच्या ताटाकडं परत गेले. भाकरी, त्याबरोबर अंबाडी नाहीतर लिंबू पिळलेला शेपू, तुरीची घट्ट डाळ, भिजवलेले हरभरे, हुलगे, शेंगदाणे, तीळ. आम्ही खातो म्हणून अंडी, सुकट, मटण. काळजाबद्दल डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं की गरोदर बाईनं ते फार खाऊ नये, विचारूनच खावं. इतरांनी अधूनमधून खायला हरकत नाही. रुक्मिणला त्यांनी मांसाचं नावही न काढता तिच्याच रानातल्या वस्तू सांगितल्या होत्या. तिच्या घरी त्या सगळ्या होत्या. तूर तर पोत्यानं होती.

शाळेत मी भाकरी काढून खाते. सुकटीची चटणी असली की एक सहकारी अजून खिडकी उघडतात. मी त्यांना म्हणते, सर, दुसरीपण उघडा, वारा येऊ द्या. आणि दर सोमवारी पोरींच्या आधी माझी गोळी मी त्यांच्यासमोर घेते, तोंड उघडून दाखवते. पोरी तपासणी फार कडक करतात.

कोहिनूरचा कुबसा

गेल्या महिन्यात माझ्या नणंदेचा, वैशालीचा, कुबसा होता. आमच्या सीमेवर डोहाळजेवणाला हा कन्नड शब्दच चालतो. तिचं सासर बसवकल्याणकडं, कोहिनूरला. बुद्धवंदना झाली, वैशालीला खुर्चीवर बसवलं, हिरवी चोळी, फुलांच्या वेण्या. बायका एकेक करून ओटी भरत होत्या. वैशालीचे ओठ मला पांढरे दिसले. मी स्वतःला समजावलं की पावडर असेल.

मग तिची थोरली जाऊ पुढं आली. तिनं नारळ-तांदळाबरोबर लाल फीत बांधलेलं एक छोटं पाकीट ओटीत ठेवलं आणि सगळ्यांकडं बघून म्हणाली, "आमच्या बाईला पेन्सिलीचे डोहाळे लागलेत. आता घे म्हणावं किती खातीस ते." सगळा मांडव हसला. वैशाली लाजून हसली.

मी बोलायला तोंड उघडलं आणि माझ्या आधी आत्या उठल्या. त्या सरळ लेकीसमोर गेल्या, ओटीत हात घातला आणि ते पाकीट बाहेर काढलं. मांडवातलं हसू थांबलं. वैशालीच्या सासरची एक म्हातारी म्हणाली, "ओटीतलं काढू न्हाई, बाई. कामून काढायलीस?"

"मागच्या बारीला मी बी अशीच हासलते," आत्या म्हणाल्या. "माझी नात पेटीत व्हती अकरा दिस."

मग लेकीची खालची पापणी त्यांनी स्वतःच्या अंगठ्यानं ओढून बघितली. डॉक्टरांनी माझी बघितली होती तशी. बोट तसंच धरून राहिल्या. "गोळ्या कुठं ठिवल्यास?" त्यांनी विचारलं. वैशालीनं मान खाली घातली. आत्यांनी मान वळवून मला विचारलं, उद्या डॉक्टरबाई असतात का. मी म्हटलं, असतात. "मग हिला रातच्यालाच घेऊन जायचं आपल्याकडं. सकाळी पहिला नंबर लावायचा." जाऊबाई काहीतरी म्हणू लागल्या होत्या, पण आत्या त्यांच्याकडं बघतच नव्हत्या. पापणी सोडून त्यांनी लेकीचं ताट मागवलं, आणि त्यात दुसरी भाकरी स्वतःच्या हातानं ठेवली.

तेवढ्यात कुणीतरी पाहुण्यांसाठी चहाचा ट्रे आणला. वैशालीनं सवयीनं एक कप उचलला. आत्यांनी तो तिच्या हातातून काढून घेतला आणि तिथंच, सगळ्या बायकांसमोर, उभ्यानं स्वतः पिऊन टाकला.